लय कोण पळवतं

मी काय काम करते हे आण्णांनी भोरच्या बाजारपेठेत सगळ्यांना एका वाक्यात सांगून ठेवलंय. "पोरगी पुण्यात टिंग करती."

वाक्य तसं खोटं नाही. मोबाईलवर निरोप आला, फॉर्म भरून झाला किंवा भरताना चुकला, की जो आवाज येतो तो कुणीतरी बसून ठरवलेला असतो. माणसानं यंत्राला हात लावल्यावर यंत्रानं काय करावं, काय दाखवावं, कसं वाजावं हे ठरवण्याला इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात. त्यातलं वाजण्याचं खातं माझ्याकडे. पण पँटची उंची कमी करायला आलेल्या माणसाला एवढं कोण सांगत बसणार? "टिंग करती" म्हटलं की तो "हां, हां" म्हणतो आणि पिशवीतून पँट काढतो.

आण्णा म्हणजे माझे वडील. बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. दिवसभर पायाखाली मशीनचं पायडल आणि सुट्टीच्या दिवशी बोटांखाली पेटी. त्यांची गायन पार्टी आहे. जयंती असो, नाहीतर विहाराचा वर्धापनदिन, भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांवरून पार्टीला बोलावणं येतं. आण्णा पेटी वाजवत गातात, मागे कोरसला दोघे आणि ढोलकीवर बापू. बापू आण्णांचे चुलतभाऊ, उत्रोलीला त्यांची भातशेती आहे. तीस वर्षांची ही जोडी. मी पाळण्यात रडायला लागले की बापू पाळण्याच्या दांडीवर ठेका धरायचे, असं आई सांगते. माझं रडणं थांबायचं नाही म्हणे, पण लयीत यायचं.

असल्या घरातली मुलगी पुण्याच्या डिझाइन कॉलेजात गेली तर काय होणार? दुसऱ्या वर्षी आम्हाला काम मिळालं: रोजच्या वापरातल्या एखाद्या वस्तूला आवाज द्या. मी कॉलेजची लिफ्ट घेतली. तळमजला धरून सात मजले होते. सात मजले, सात सूर! मला वाटलं हे माझ्यासाठीच बांधून ठेवलंय. तळमजल्यावर दार उघडलं की सा, पहिल्यावर रे, असं करत सहाव्यावर नी. ज्याला दिसत नाही त्यालाही कुठल्या मजल्यावर आलो ते कळावं, हा माझा उदात्त हेतू.

पहिल्याच दिवशी घोळ ध्यानात आला. सहाव्या मजल्यावर नी वाजायचा आणि पुढे काहीच व्हायचं नाही. वरचा सा गच्चीवर होता आणि लिफ्ट गच्चीपर्यंत जात नव्हती. सहाव्या मजल्यावर प्राचार्यांचं ऑफिस. तिसऱ्या दिवसापासून ते जिन्यानं यायला लागले. आमचे एक सर गाणं शिकलेले होते. ते नी ऐकून बाहेर पडायचे, व्हरांड्यात उभं राहून स्वतःच वरचा सा लावायचे आणि मगच वर्गात शिरायचे. आठवड्यानं लिफ्ट मुकी करण्यात आली. मार्क मात्र बरे पडले. शेऱ्यात लिहिलं होतं, "विद्यार्थिनीने वापरणाऱ्यांच्या मनावर खोल परिणाम केला आहे."

शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरात आमच्या घरावर खरं संकट आलं. पानशेतच्या बाजूला एका वस्तीवर पार्टीचा कार्यक्रम होता. गाणं रंगात आलं होतं, शेवटचा अंतरा चालू होता, आणि आण्णा मागे वळून म्हणाले, "ढोलकी, जरा दमानं. लय पळतीया." त्यांना वाटलं हळू म्हणालो. माइक चालू होता. मांडवातल्या तीनशे माणसांनी ते ऐकलं आणि पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

बापूंनी अंतरा पुरा वाजवला. शेवटचा बोल जिथं पडायला हवा तिथंच पडला. मग त्यांनी ढोलकी खोळीत घातली, गाठ मारली आणि स्टेजच्या मागच्या बाजूनं उतरून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. तेव्हापासून अबोला.

आण्णांचं म्हणणं घरात रोज ऐकू यायचं. "तीस वर्सं सांगतोय, शेवटाला लय पळवतो. ऐकंल तर शपथ." बापूंचं म्हणणं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते काही म्हणतच नव्हते. आण्णांनी दुसरे ढोलकीवाले आणून पाहिले. एकजण दोन तालमींनंतर आला नाही. दुसरा पहिल्याच तालमीत चहाला म्हणून गेला तो गेलाच. मग एका सकाळी आण्णांनी पेटीला खोळ घातली आणि ती कपाटावर चढवून ठेवली. आता घरात शिलाई मशीनच तेवढं वाजायचं, आणि तेही रागानं.

पार्टी मोडणार हे उघड दिसत होतं. आण्णांचं गाणं बंद पडलेलं मला बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही सुचत नव्हता. मी दोन्ही दुखण्यांवर एकच औषध काढलं: ढोलकीचं यंत्र. आण्णांनी पायडल दाबायचं, यंत्रानं ठेका धरायचा. ना कुणाची मनधरणी, ना कुणाचा रुसवा.

यंत्राला ढोलकीचे बोल लागणार होते, आणि मला चांगले बोल एकाच माणसाच्या बोटांत माहीत होते. मी उत्रोलीला गेले. बापू पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"बापू, तुमची ढोलकी रेकॉर्ड करायचीय. एकेक बोल सुटा."

"कशापायी गं?"

"कॉलेजचं काम हाय."

मी खोटं बोलले नाही, पण निम्मंच बोलले. बापूंनी ढोलकी काढली आणि दुपारभर एकेक बोल वाजवून दिला, भाजीवाला निवडून वांगी देतो तसा. मध्येच एखादा त्यांना पसंत पडायचा नाही. "ह्यो टाकून दे, कच्चा हाय," म्हणायचे. मी निघाले तेव्हा म्हणाले, "मशीनीत घालनार का काय? मंग मशीनीला एक सांग. आण्णाकडं बगत वाजवायचं." यांना सगळं कळलंय हे तिथंच माझ्या लक्षात आलं आणि मान वर करवेना. काकूंनी दिलेला तांदळाचा डबा घेतला आणि गाडीला किक मारली.

यंत्र एप्रिलपर्यंत उभं राहिलं. डब्याएवढं खोकं आणि एक पायडल. बटण एकही नाही! कॉलेजात आमच्या डोक्यात भरवलं होतं की जेवढी बटणं कमी तेवढं डिझाइन थोर. पायडल एकदा दाबलं की ठेका सुरू, पुन्हा दाबलं की ठेका बदलतो आणि आठ सेकंद दाबून धरलं की बंद. लाइट गेली तरी चालावं म्हणून बॅटरी आतच बसवलेली. मला माझंच कौतुक वाटत होतं.

आण्णांनी नाही-होय करत कपाटावरून पेटी उतरवली. यंत्र सुरू झालं, आण्णांनी गाणं धरलं. पहिला अंतरा झकास. दुसऱ्याला आण्णा जरा पुढे गेले. तिसऱ्याला ते एकीकडे आणि ढोलकी भलतीकडे.

"मशीन मागं ऱ्हायली," आण्णा म्हणाले.

यंत्र मागे राहूच शकत नव्हतं. त्याला कंटाळा येत नाही, घाई होत नाही, ते एकाच चालीनं चालतं. मी सगळं रेकॉर्ड केलं होतं. लॅपटॉपवर पाहिलं तर यंत्राची रेघ भाताच्या खाचरासारखी सपाट, आणि आण्णांची रेघ वरंध घाटासारखी चढत गेलेली. मग जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं काढली. सगळीकडे तेच. पेटी पुढे, ढोलकी केसभर मागे. बापू लय पळवत नव्हते. बापू पळणाऱ्या आण्णांना गाठत होते.

मला एकदम दुकानातलं दृश्य आठवलं. शिवण संपत आली की आण्णांचा पाय आपोआप जोरात चालतो. शेवटची वीतभर शिवण ते अशी मारतात की गिऱ्हाईक दचकतं. गाण्याचा शेवट दिसला की तेच होत असणार. तीस वर्षं! नाचता येईना, अंगण वाकडं! मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला की मी लॅपटॉप आपटून बंद केला. एक माणूस तीनशे लोकांसमोर भलत्याच गुन्ह्यासाठी बोलणी खाऊन घरी बसला होता.

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी तशीच आण्णांसमोर जाऊन उभी राहिले. नाही राहिले. आण्णांनी पेटी कपाटावरून उतरवून जेमतेम दोन तास झाले होते. खरं सांगितलं तर ती पुन्हा वर जाईल अशी भीती वाटली. शिवाय कॉलेजची शिकवण मदतीला आली: वापरणारा कधी चुकत नसतो, चुकतं ते डिझाइन. भित्र्या माणसाला असलं एखादं तत्त्व फार उपयोगी पडतं. मी आण्णांना म्हणाले, "मशीनमध्ये दोष होता, काढते." मी यंत्राला कान दिले. एक छोटा माइक बसवला, म्हणजे ते पेटीचं आणि गाण्याचं ऐकणार आणि गाणारा पळाला की त्याच्या मागे पळणार. ओळ संपली की वर एक तोडाही, म्हणजे शेवट गाजवणारी बोलांची झड, मारणार.

दुसऱ्या दिवशी आण्णा गायले, पळाले, यंत्रही पळालं. गाणं संपल्यावर आण्णांनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आता बराबर," म्हणाले.

परीक्षकांना यंत्र फार आवडलं. बटण नसल्याबद्दल तर विशेष शाबासकी मिळाली. त्या जोरावर जुलैत मला बाणेरच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि माझा टिंगचा धंदा सुरू झाला. पहिलं काम होतं डॉक्टरची वेळ ठरवून देणाऱ्या अॅपचं. वेळ ठरली की एक आवाज हवा होता, अर्ध्या सेकंदाचा. त्या अर्ध्या सेकंदाला तीन महिने लागले. मी पहिला आवाज केला तो साहेबांना देवळात गेल्यासारखा वाटला. दुसरा कुल्फीवाल्यासारखा. तिसऱ्याला म्हणाले, "छान आहे, पण यात पेशंट वाचेल असं वाटत नाही." शेवटी एकविसावा पास झाला, आणि तो पहिलाच होता, मी फक्त नाव बदलून पाठवला होता. आण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "शिलाईत बी आसंच असतंय. ब्लाउज तसाच परत द्यायचा, म्हनायचं ढिला केला."

अबोला चालूच होता. आण्णा यंत्राबरोबर घरी गायचे, पण कार्यक्रम घेत नव्हते. फेब्रुवारीत वेल्ह्याच्या एका वस्तीवरून नव्या विहाराच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं. नाही म्हणणं जमण्यासारखं नव्हतं, कारण ती बापूंची सासुरवाडी होती. नाही म्हटलं असतं तर भांडण काकूंच्या माहेरापर्यंत गेलं असतं. आण्णा म्हणाले, "जाऊ. मशीन घिऊन जाऊ. लोकांना कळू दे, ढोलकीवाचून आडत न्हाई."

दुपारी चारचा कार्यक्रम. पंचशील झालं, फीत कापून झाली, स्टेजवर यंत्र मांडलं. बापू जावई, त्यामुळे पहिल्या रांगेत खुर्ची. ते यंत्राकडे असे पाहत होते, जसं स्थळ सांगून आलेल्या मुलाकडे पाहावं. आण्णांनी पायडल दाबलं, गाणं सुरू केलं. बरं चाललं होतं. पहिला अंतरा होतो न होतो तोच सूत्रसंचालकानं माइक ओढला. "एक सूचना आहे. पांढऱ्या गाडीच्या मालकांनी आपली गाडी ट्रॅक्टरच्या वाटेतून काढावी."

हे मला माहीत असायला हवं होतं. गावाकडच्या कार्यक्रमात गाणं सलग होतच नाही. पाहुणे येतात, सत्कार होतात, गाड्या अडकतात, कुणाची तरी चावी सापडते. बापू अशा वेळी हात ढोलकीवर नुसता ठेवून बसायचे आणि आण्णांनी पेटीवर बोट टेकलं की जिथं सोडलं तिथूनच उचलायचे. मी लहानपणापासून हे पाहिलं होतं. पण प्रकल्पाच्या दोनशे पानांत ते कुठेही नव्हतं.

यंत्रानं सूचना ऐकली आणि ते सूचनेच्या मागे पळालं. सूत्रसंचालकानं वाचलेला गाडीचा नंबर द्रुत लयीत वाजला. "मालकांनी ताबडतोब यावे" यावर असा काही तोडा पडला की टाळ्या झाल्या. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. निवृत्त साहेब होते, सफारीतले. पार्टीला बाजूला बसवलं, मध्ये टेबल आलं, टेबलावर चादर आली, आणि यंत्र पायडलसकट चादरीखाली गेलं.

"बंधूंनो," साहेब म्हणाले. धिन्. "आणि भगिनींनो." धाधिन्. "आजचा हा सोहळा पाहून माझे मन भरून आले आहे." आणि तोडा!

मांडव हसून लोटपोट. मी पहिल्या रांगेतून उठले आणि सरळ टेबलाखाली शिरले. आठ सेकंद दाबून धरायचं होतं. हातानं पायडल दाबलं, मोजायला लागले. सहावर आले तोच साहेबांनी पाय हलवला, बुटाची टाच माझ्या बोटांवर आली, हात सुटला. पहिल्यापासून मोजायला सुरुवात. दाबणं सुटल्यानं मधे ठेकाही बदलला होता. वर साहेब शिक्षणाचं महत्त्व सांगत होते आणि खाली लावणीचा ठेका. बटण का ठेवलं नाही, एक लाल बटण ठेवायला काय झालं होतं, असं स्वतःला शिव्या देत मी तिसऱ्या खेपेला आठ मोजले. ढोलकी थांबली. साहेब ओळ संपवून क्षणभर तोड्याची वाट पाहत थांबले, आणि तो आला नाही तेव्हा हिरमुसले.

भाषण संपलं. पार्टी पुन्हा मध्ये आली, पण यंत्र चालू करायची माझी हिंमत नव्हती. आण्णांनी बिनढोलकीचं गाणं धरलं. ते उघडं पडल्यासारखं वाटत होतं. ओळ संपली की आण्णांची मान सवयीनं मागे वळत होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकू उठल्या, शेजारच्या घरात गेल्या आणि भावाची ढोलकी घेऊन आल्या. ती त्यांनी भर मांडवात नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"धरा," म्हणाल्या. "माज्या माह्यारात शोभा नगं."

बापू उठले, स्टेजवर चढले, आण्णांकडे न पाहता बसले आणि पहिल्या थापेला गाण्यात शिरले. शेवटच्या अंतऱ्याला आण्णा नेहमीसारखे पळाले, बापू नेहमीसारखे मागोमाग. मी खाली बसून ऐकत होते. केसभर अंतर होतं, ते आता मला ऐकू येत होतं. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बापू ढोलकी मेहुण्याला देऊन जेवायला गेले. आण्णा पाठ करून पेटीला खोळ घालत बसले.

परत येताना आम्ही टेम्पोच्या हौद्यात होतो, पेटी, यंत्र, आण्णा आणि मी. मला राहवेना.

"आण्णा, एक सांगायचंय. लय बापू नाही पळवत. तुमी पळवता. माझ्याकडं सगळं रेकॉर्ड आहे, आत्ता दाखवते."

"दावू नगं," आण्णा म्हणाले. "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"मशीन पयल्या दिशी मागं ऱ्हात व्हती, दुसऱ्या दिशी माज्यासंगं पळाय लागली. तू काय केलंस ते कळंना व्हय मला? कान हायेत, का काजं केलीत?"

म्हणजे गेले नऊ-दहा महिने हा माणूस सगळं जाणून गप्प होता! मी टेम्पोत इतकी ओरडले की ड्रायव्हरनं काच वाजवून विचारलं, काय पडलं का.

"मग बापूंना का नाही सांगितलं?"

"तीनशे मान्सांत बोललो व्हतो त्याला. आता कुठल्या तोंडानं सांगू?" पेटी गुडघ्याशी ओढून घेत म्हणाले, "आन् तू तरी कुठं सांगितलंस मला?"

 पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीवर मागे बसवून उत्रोलीला नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः नेलं. वाटेत त्यांना दुकानाची चावी विसरल्याचं दोनदा आठवलं.

बापूंनी "या" म्हटलं. चहा झाला. भाताच्या भावावर बोलणं झालं, विहिरीच्या मोटरवर झालं, म्हशीच्या पायावर झालं. दुसरा चहा झाला. मी खोकले. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, "निघतो" म्हणाले, चपला घातल्या, अंगणापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले.

"बापू, लय मी पळवत व्हतो. तू न्हाई."

"व्हय," बापू म्हणाले.

"तुला ठावं व्हतं?"

"पयल्या वर्सापास्नं."

"मंग बोलला का न्हाईस? तीस वर्सं माजी बोलणी खाल्लीस, आन् त्या दिशी मान्सांत..."

"बोललो आस्तो तर तू दमानं गायला आस्तास," बापू म्हणाले. "दमानं गातूस तवा लई वंगाळ गातूस."

आण्णा चपलांसकट उंबऱ्यावर बसले आणि बाहीनं डोळे पुसायला लागले. मलाही रडू आलं. आतून काकूंनी विचारलं, तिसरा चहा टाकू का. बापू म्हणाले, "टाक. आन् येताना ढोलकी घिऊन ये."